पेन हातात, सुया सुटकेसमध्ये: सात रात्रींच्या क्रूझच्या सामानाचं एक प्रकरण

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. जहाज बंदरातून निघून दोन तास होऊन गेले होते. बाबा तिसऱ्या डेकवरच्या केबिनमध्ये पलंगाच्या कडेला बसले होते. हातात इन्सुलिनचं पेन होतं, जेवणाची वेळ आठची ठरलेली होती, आणि पेनाला लावायला सुई नव्हती. सुयांचं खोकं मोठ्या सुटकेसमध्ये होतं आणि ती सुटकेस अजून केबिनच्या दाराशी आलेली नव्हती.

कोणाला काही झालं नाही, हे आधीच सांगते. जहाजावरच्या दवाखान्यातून सुया मिळाल्या आणि बाबा अर्धा तास उशिरा जेवले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन आठवडे मी सामानाची यादी करत होते. यादीतली एकही वस्तू घरी राहिली नव्हती. सगळं जहाजावर होतं, तरीही आम्ही अडलो. ते कसं, याचा मी पुढचे दोन दिवस समुद्राकडे बघत विचार केला आणि वहीत नोंदी केल्या. त्या नोंदींवरूनच हे लिहिते आहे. लहान मुलं आणि वयस्क आईवडील सोबत घेऊन जे पहिल्यांदा क्रूझला निघणार आहेत, त्यांच्या हे उपयोगी पडेल.

आम्ही सहा जण होतो. आई एकाहत्तर वर्षांची, बाबा चौऱ्याहत्तर. नवरा, मी, दहा वर्षांची थोरली आणि सव्वादोन वर्षांचा धाकटा. सात रात्री, चार बंदरं, दोन दिवस पूर्ण समुद्रावर. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी विमानाने त्या शहरात पोचून एक रात्र हॉटेलात काढायची होती. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, म्हणून हा एक दिवसाचा वाव ठेवला होता आणि तो ठेवायलाच हवा.

केबिन दोन घेतल्या होत्या. आमची आठव्या डेकवर, आई-बाबांची तिसऱ्या डेकवर, जहाजाच्या मधोमध. आईला बोट लागते. जहाज डुलतं तेव्हा सगळ्यात कमी हालचाल खालच्या मजल्यांवर आणि मधल्या भागात होते. टोकाला आणि वर ती वाढत जाते. त्यामुळे ती केबिन आम्ही विचार करूनच घेतली होती आणि आईला ती मानवलीही. पण दोन केबिन म्हणजे दोन क्रमांक, दोन प्रकारचे टॅग आणि मध्ये पाच मजले. याचा सामान बांधताना मी विचारच केला नव्हता.

बॅगा अशा बांधल्या होत्या. पहिलीत मुलांचे कपडे. दुसरीत आम्हा दोघांचे. तिसरीत आई-बाबांचे कपडे आणि औषधांचा साठा. चौथीत डायपर, बाळाचं दूध, भांडी, पांघरूण. पाचवीत सगळ्यांचे बूट-चपला, पोहण्याचे कपडे आणि जहाजावरच्या एका खास संध्याकाळच्या जेवणासाठी घेतलेले चांगले कपडे. हातात तीन लहान पिशव्या: कागदपत्रांची सॅक, धाकट्याची सॅक आणि बाबांचा इन्सुलिनचा गार राहणारा पाऊच. कागदावर ही मांडणी इतकी नीट दिसत होती, की मी ती नवऱ्याला दोनदा दाखवली होती.

सुया मोठ्या सुटकेसमध्ये कशा गेल्या? घरून निघताना मी पाऊचमध्ये तीन सुया ठेवल्या होत्या, प्रवासाच्या दिवसापुरत्या. बाबा दिवसातून तीनदा, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. हॉटेलात रात्री सुटकेस उघडली, खोकं बाहेर काढलं, रात्रीची सुई त्यातून घेतली, सकाळचीही त्यातूनच. सकाळी निघायच्या गडबडीत खोकं समोर उघड्या असलेल्या सुटकेसमध्ये गेलं. पाऊचमधल्या तीनपैकी दोन सुया विमानाच्या दिवशी संपल्या होत्या आणि एक उरली होती, हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. ती एक बाबांनी जहाजावर चढल्यावर दुपारच्या जेवणाआधी वापरली.

क्रूझ टर्मिनलवर साडेबाराला आम्ही पाचही बॅगा दिल्या. इथे विमान आणि जहाज यांत एक मोठा फरक आहे. विमानतळावर बॅग दिली की ती थेट मुक्कामाच्या ठिकाणी परत मिळते आणि मधल्या काळात आपण नुसते खुर्चीत बसलेले असतो. जहाजावर बॅग दिल्यावर आपली सुट्टी सुरू होते. जेवण, पोहण्याचा पूल, मुलांची झोप, औषधं, आपत्कालीन सराव हे सगळं बॅगेशिवाय पार पाडायचं असतं. मोठ्या जहाजावर काही हजार प्रवासी चढतात. त्यांच्या हजारो बॅगा एक्स-रेमधून जातात, डेकप्रमाणे लोखंडी पिंजऱ्यांत लागतात आणि मग कर्मचारी त्या हाताने एकेका दाराशी नेतात. काही बॅगा दुपारी तीनला येतात, काही रात्री आठ-नऊला. त्यांच्या कामात काही चूक नाही, कामच तेवढं आहे.

सात वाजेपर्यंत आमच्या चार बॅगा आल्या. आली नाही ती तिसरी.

बाबा म्हणाले, "मघाची सुई आहे, तीच लावतो. एकदा वापरलेली आहे, त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "नको बाबा. ती डब्यात टाकलीय, ती परत काढायची नाही. मी दवाखान्यात जाऊन येते, तुम्ही फक्त जेवू नका तोवर."

या सुया एकदाच वापरायच्या असतात. दुसऱ्यांदा वापरली की टोक बोथट होतं, जास्त दुखतं आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. दवाखाना खाली होता आणि संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेत उघडा होता. तिथल्या नर्सने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठीची प्रत कागदपत्रांच्या सॅकमध्ये आणि सॅक आठव्या डेकवर. लिफ्टपुढे गर्दी होती, म्हणून नवरा जिन्याने पळत वर गेला आणि घेऊन आला.

तोवर आई-बाबांच्या केबिनमध्ये चिठ्ठी आली होती: सुटकेस सुरक्षा विभागाने अडवून ठेवली आहे, येऊन उघडून दाखवा. आत प्रवासातली छोटी इस्त्री होती. आणि तिच्याखाली, सगळ्यांचे फोन एकत्र चार्ज करता यावेत म्हणून नवऱ्याने ठेवलेला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब एकदम वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड.

इस्त्री आईची. खास जेवणाच्या संध्याकाळी बाबांचा शर्ट चुरगळलेला नको, एवढंच तिच्या मनात होतं. विमानाचे नियम आम्ही बारकाईने वाचले होते; त्यात इस्त्री चालत होती. पॉवर बँक बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची, साधारण शंभर वॅट-तासांपर्यंतची चालते, हेसुद्धा नवऱ्याला पाठ होतं. जहाज कंपनीच्या निषिद्ध वस्तूंचं पान मात्र कोणीच उघडलं नव्हतं. घरून निघून विमान, हॉटेल, जहाज असा एकच प्रवास असला, तरी नियम प्रत्येक टप्प्याचे वेगळे असतात आणि बॅग मात्र एकच असते. सगळ्यात कडक टप्प्याचा नियम संपूर्ण बॅगेला लागू होतो. हे इतकं साधं आहे, आणि तरी आम्ही चुकलो.

या वस्तूंवर बंदी का आहे, हे कळल्यावर माझा राग पूर्ण गेला. समुद्रावर आग लागली तर धावत बाहेर जाण्यासाठी जागा नसते. म्हणून तापणारी घरगुती साधनं, म्हणजे इस्त्री, किटली, मेणबत्त्या, जवळपास सगळ्या जहाजांवर बंद असतात. सर्ज प्रोटेक्टरचं कारण वेगळं आहे. जमिनीवरच्या घरात विजेच्या दोन तारांपैकी एक जमिनीशी जोडलेली असते. जहाजावर बऱ्याचदा तसं नसतं. दोन्ही तारांत विजेचा दाब असतो. घरगुती बोर्ड बिघाड झाला की एकच तार तोडतो, दुसरीतून वीज राहतेच, आणि बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल सुरक्षेचा इशाराही काढला होता. म्हणजे ज्या वस्तूवर 'संरक्षण' असं छापलेलं असतं, तीच इथे धोक्याची ठरते. सर्ज प्रोटेक्शन नसलेला, साधा, एकाच प्लगमध्ये तीन-चार यूएसबी जागा देणारा चार्जर बहुतेक ठिकाणी चालतो. तोही आधी त्या जहाजाच्या यादीत तपासून घ्यावा.

नवरा आणि आई खाली गेले, अधिकाऱ्यासमोर सुटकेस उघडली, इस्त्री आणि बोर्ड ठेवून घेतल्याची पावती घेतली आणि सव्वाआठला सुटकेस केबिनमध्ये आली. आईच्या बोट लागण्याच्या गोळ्याही त्याच सुटकेसमध्ये होत्या. या गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकेल याची खात्री नसते. त्या संध्याकाळी समुद्र शांत होता म्हणून निभावलं. (कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी ज्यांना डॉक्टर देतात त्यांनी तर ती निदान चार तास आधी लावायची असते, ती तीन दिवस चालते. वयस्क माणसांना तिच्यामुळे गोंधळल्यासारखं होऊ शकतं, काचबिंदूच्या काही प्रकारांत ती चालत नाही, म्हणून आईच्या डॉक्टरांनी साधी गोळीच लिहून दिली होती.)

नेमकं काय चुकलं

इस्त्री ही चूक होतीच. पण इस्त्री नसती आणि टॅग फाटून बॅग हरवली असती, तरी बाबांच्या हातात सुई नसतीच. खरी चूक यादीच्या रचनेत होती. मी यादी वस्तूंच्या जातीप्रमाणे केली होती: कपडे, औषधं, बूट, बाळाचं, कागदपत्रं. घरात कपाट लावायला ही पद्धत चांगली आहे, कारण घरात सगळी कपाटं दिवसभर उघडी असतात. प्रवासात काही कपाटं काही तास बंद होतात. त्या तासांत काय करायचं आहे, ते धरून वस्तू बांधायला हवी.

सुई 'औषधं' या सदरातली नव्हे, ती 'बाबांचं जेवण' या कृतीतली वस्तू आहे. त्या कृतीला पेन लागतं, सुई लागते, साखर तपासायचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या लागतात, वापरलेली सुई टाकायला कडक डबा लागतो, साखर एकदम उतरली तर खायला काहीतरी गोड लागतं, आणि सुई मागायची वेळ आली तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. यातली एक वस्तू नसेल तर बाकीच्या पाच असून नसल्यासारख्या. या सहा वस्तू एका पाऊचमध्ये, आणि तो पाऊच ज्याचा आहे त्याच्याच खांद्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तसं केलं. खोक्यातल्या निम्म्या सुया पाऊचमध्ये, निम्म्या आमच्या केबिनमध्ये.

इन्सुलिनबद्दल आणखी एक गोष्ट. न उघडलेली पेनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, प्रत्येक प्रकाराच्या पत्रकात नेमका काळ दिलेला असतो. केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा फ्रिज नसतोच, पेयं जरा गार ठेवणारा कप्पा असतो. बाबांच्या केबिनमध्ये नवऱ्याने थर्मामीटर ठेवून पाहिलं तर तो बारा अंश दाखवत होता. केबिनच्या कर्मचाऱ्याला सांगितल्यावर त्याने औषधांसाठीचा वेगळा फ्रिज आणून दिला. तो आधी कळवून मागता येतो, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

पहिल्या दुपारची पिशवी

टर्मिनलवर बॅग देण्यापासून केबिनच्या दाराशी ती येण्यापर्यंतचे सात-आठ तास हा या प्रवासातला सगळ्यात अवघड तुकडा आहे, आणि सगळ्यात आनंदाचाही. त्या दुपारी पूल रिकामा असतो, कारण अर्ध्या लोकांचे पोहण्याचे कपडे बॅगेत अडकलेले असतात. थोरली कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी होती. "आई, आपण एक ड्रेस वर नाही का ठेवू शकलो?" एवढंच म्हणाली. ते मला सुयांइतकंच लागलं. तिचा स्विमसूट हाताच्या मुठीत मावतो.

आता मी त्या दुपारसाठी वेगळी पिशवी बांधते आणि ती शेवटी नाही, सगळ्यात आधी बांधते. ती भरल्यावर मगच सुटकेस उघडायची. तिच्यात दोन दिवसांची सगळी औषधं, चष्मे, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि एक जास्तीचा जोड, धाकट्याचे सहा-सात डायपर, फोनची वायर, प्रत्येकासाठी एक हलकं जॅकेट, कारण डेकवर जहाज चालू लागलं की वारा सुटतो. आणि पासपोर्ट. टर्मिनलवर आमच्यापुढच्या कुटुंबाचे पासपोर्ट नुकत्याच दिलेल्या सुटकेसमध्ये गेले होते. त्यांची बॅग शोधून आणेपर्यंत ती आई लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. पासपोर्ट, तिकीट, व्हिसा हे सुटकेसच्या जवळसुद्धा ठेवू नये. बऱ्याच देशांना प्रवास संपल्यानंतर सहा महिने पासपोर्टची मुदत उरलेली लागते, तेही बुकिंग करतानाच बघावं. मूल फक्त आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर जात असेल, तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र सोबत ठेवावं.

या पिशवीला दुसरा एक अर्थ आहे, तो मला आपत्कालीन सरावाच्या वेळी कळला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा सर्वांनी ठरलेल्या जागी जमण्याचा इशारा. जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार 'सोलास' हा टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये पहिल्यांदा झाला. पूर्वी हा सराव प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. २०१५ पासून नवीन प्रवाशांचा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावा लागतो. सरावात सांगतात, की इशारा झाला तर सामान घ्यायचं नाही. अंगात उबदार कपडा, लाइफ जॅकेट आणि रोजची आवश्यक औषधं, एवढंच. मी बाबांच्या पाऊचकडे पाहिलं. त्यात पेन होतं, सुई नव्हती, आणि तेव्हा ते मला माहीतही नव्हतं. धाकट्याच्या मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये नव्हतं. मागितल्यावर लगेच मिळालं. लहान मूल असेल तर ते पहिल्या तासातच मागावं.

बॅगांची अदलाबदल

दुसऱ्या दिवशी जहाजावरच आम्ही बॅगा नव्याने लावल्या, परतीच्या प्रवासासाठी. एकेका माणसाची एकेक बॅग असेल, तर एक बॅग अडली की एक माणूस पूर्ण अडतं आणि बाकीच्यांचं काहीच अडत नाही. म्हणून प्रत्येकाचे दोन दिवसांचे कपडे दुसऱ्याच्या बॅगेत घालायचे. हा उपाय अनेक जण सांगतात आणि तो चांगला आहे, पण दोन केबिन असल्या तर त्याला एक मर्यादा पडते. आईचे कपडे आठव्या डेकच्या टॅगच्या बॅगेत गेले, तर पहिल्या संध्याकाळी कोणीतरी पाच मजले खालीवर करत राहतं. आम्ही अदलाबदल केबिनच्या आतच ठेवली: आई-बाबांच्या वस्तू त्यांच्या दोन लहान बॅगांत, आमच्या आमच्या तीनमध्ये. त्यासाठी त्यांची एक मोठी सुटकेस दोन लहानांत फोडावी लागली. लहान बॅग बाबांना स्वतः ओढता येते, हा फायदा आधी सुचलाच नव्हता. टॅगही आता कागदाचा स्टेपल केलेला नाही, प्लास्टिकच्या पाकिटात घालून बांधलेला. शिवाय बॅगेच्या आत केबिन क्रमांक आणि नाव लिहिलेला कागद.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात

आई-बाबांची केबिन खिडकी नसलेली होती. दिवे बंद केले की तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही एवढा अंधार. जहाजावर बाथरूमचा उंबरठा उंच असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री उठणाऱ्या वयस्क माणसाला हा उंबरठा अंधारात दिसत नाही. धाकट्यासाठी आणलेला बॅटरीवरचा छोटा दिवा पहिल्याच रात्री खाली गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. माझ्या यादीतली ती सगळ्यात हलकी आणि सगळ्यात कामाची वस्तू ठरली.

केबिनच्या भिंती बहुतेक ठिकाणी पोलादी असतात. थोरलीने घरून आणलेली चुंबकाची चार हुकं दाराजवळ लावली: टोप्या, ओले स्विमसूट, केबिनच्या चाव्यांची कार्डं. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत, वाऱ्याने उडतात. रिकाम्या सुटकेस पलंगाखाली जातात, म्हणून कडक कवचाच्या सुटकेसपेक्षा मऊ बॅगा बऱ्या.

धाकट्याच्या बाबतीत माझा एक अंदाज पूर्ण चुकला. त्याच्यासाठी पाण्यातले डायपर, हवा भरायची कडी, चटई असं बरंच आणलं होतं. डायपर वापरणाऱ्या मुलांना बऱ्याच जहाजांच्या मुख्य पूलमध्ये सोडत नाहीत, पाण्यातला डायपर असला तरीही; आरोग्याच्या कारणाने हा नियम आहे. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी उथळ जागा असते. हवा भरायची खेळणीही बहुधा चालत नाहीत. साधे डायपर मात्र मोजून न्यावेत: दिवसाला सहा धरून आठ दिवसांचे अठ्ठेचाळीस, आणि पोट बिघडलं तर म्हणून आणखी दीड डझन. समुद्रावरच्या दिवशी हव्या त्या मापाचे मिळतील याची खात्री नसते. बाबागाडी एका हाताने मिटणारीच असावी. केबिनचे दरवाजे अरुंद असतात, आणि काही बंदरांत जहाज दूर उभं राहतं व छोट्या होडीने किनाऱ्यावर जावं लागतं, तेव्हा ती मिटूनच न्यावी लागते.

हात धुण्याच्या जेलच्या सहा बाटल्या मी नेल्या होत्या. क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस (१९६८ मध्ये अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत आलेल्या साथीवरून हे नाव पडलं) अल्कोहोलच्या जेलने नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, हाच उपाय. सहा बाटल्यांच्या जागी आता साबणाच्या कागदी पट्ट्यांची एक डबी असते, बंदरावर फिरताना उपयोगी पडते.

बंदरांची यादी हातात आली, की त्या त्या ठिकाणचे नियमही सामानाच्या यादीशेजारी लिहावेत. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो इथे सैनिकी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाला घालता येत नाहीत, लहान मुलांनाही. पलाऊ आणि हवाईमध्ये प्रवाळांना घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर निर्बंध आहेत. ट्यूब विकत घेण्याआधी मागचं बारीक अक्षर वाचलं की प्रश्न मिटतो.

शेवटची रात्र

पहिल्या दुपारसारखाच आणखी एक बंद काळ शेवटी येतो आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. उतरण्याच्या आदल्या रात्री, आमच्या जहाजावर अकरापर्यंत, मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या होत्या. त्या रात्रीतून खाली जातात आणि सकाळी टर्मिनलवरच दिसतात. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत उतरायची सोयही असते, पण पाच बॅगा, एक बाबागाडी आणि आई-बाबा यांना घेऊन ते आमच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

या वेळी आम्ही कृती धरून विचार केला. बॅग बंद करण्याआधी सहाही जणांचे उद्याचे कपडे पलंगावर मांडले आणि नवऱ्याने एकेकाचं नाव घेऊन विचारलं: अंगात काय, पायात काय, सकाळची गोळी कुठे, चष्मा कुठे, रात्री काय घालून झोपणार. बाबांना विचारलं, "सुया किती?" बाबांनी पाऊच उघडला, मोजल्या आणि म्हणाले, "अकरा. घरी पोचेपर्यंत चार लागतील, विमान चुकलं तर सात." त्यांनी हिशोब आधीच करून ठेवला होता.

तरी थोरलीचे बूट गेलेच. "पायात काय?" याला तिने "चपला" म्हटलं होतं आणि ते खरं होतं, पूलवरच्या रबरी चपला. बाहेर पाऊस पडत होता. ती ओल्या फरशीवरून बाबांचा हात धरून हळूहळू चालत गेली. माझ्या वहीत 'पायात काय' यापुढे आता 'बाहेर चालायचे' असे दोन शब्द आहेत.

उतरण्याच्या वाटेवर एका टेबलावर ठेवून घेतलेल्या वस्तू मांडलेल्या होत्या: इस्त्र्या, किटल्या, एक्स्टेन्शन बोर्ड, प्रत्येकाला केबिन क्रमांकाची चिठ्ठी. आईने पावती दाखवून इस्त्री घेतली, वायर गुंडाळली आणि बाबांना म्हणाली, "खास जेवणाच्या रात्री शर्ट चुरगळलेलाच होता, पण तुम्ही वेळेवर जेवलात." मग ती माझ्याकडे वळली आणि सुया पुन्हा एकदा मोजायला सांगितल्या.